चौदा नंबरचं गाठोडं

निर्वासितांच्या छावणीत, चौदा नंबर ब्लॉकमध्ये, एक गाठोडं होतं. बुडाला तडा गेलेलं मडकं, मधोमध भोक पडलेली राखाडी घोंगडी, दांडा नसलेली पळी आणि दोन चपला, दोन्ही डाव्या पायाच्या, एवढा त्यात ऐवज. एरवी ते अचिरो आजीच्या खाटेखाली पडलेलं असायचं. संरक्षण कक्षाचे पाहणीवाले ज्या घरी येणार असतील त्या घरी ते आदल्या संध्याकाळी पोचायचं आणि पाहणी उरकली की पुढच्या घरी निघायचं. ते मडकं वर्षभरात एकतीस घरांमध्ये 'घरातलं एकमेव भांडं' म्हणून नोंदलं गेलं होतं.

यावरून चौदा नंबरच्या बायका खोटारड्या होत्या असं कुणी समजू नये. गरिबी सगळ्यांकडे होती आणि ती अस्सल होती. फक्त ती फॉर्ममध्ये बसत नव्हती. लढाई पेटल्यावर सीमा ओलांडून या छावणीत येताना कुणाचा नवरा मागे राहिला होता, कुणाचं मूल वाटेत गेलं होतं, कुणाला अजून बंदुकीच्या आवाजानं उलटी होत होती. फॉर्मला मात्र विचारायचं होतं की घरात भांडी किती. मग बायकांनी फॉर्मला पाहिजे ती गरिबी वर्गणी काढून जमवली.

फॉर्ममध्ये बावीस प्रश्न होते. गवताच्या छपराला सहा गुण, ताडपत्रीला चार, पत्र्याला शून्य. दिवसातून एकदा जेवण, पाच गुण. शेळी असली तर प्रत्येक शेळीमागे तीन गुण वजा. चाळीस गुण झाले की बाई 'अतिदुर्बल' ठरायची आणि तिला जादा तेल, साबण आणि कायद्याचं संरक्षण मिळायचं. कायद्याचं संरक्षण म्हणजे, वेळ आलीच तर, फुकट वकील. एकोणचाळीस गुण पडले तर ती 'सक्षम'. शाळेतल्या पोरांनाही पास व्हायला चाळीसच लागतात. फरक इतकाच, की इथे जितके कष्ट करावेत तितके गुण कमी पडायचे.

चौदा नंबरच्याच लामुनूला या खेपेला चाळीस गुण पाहिजेच होते. मागच्या खेपेच्या गुणांवर तिला वकील मिळाला होता, पण तो टिकायला नव्या पाहणीतही तेवढेच गुण लागत. पाहणी मंगळवारी होती आणि शुक्रवारी तिची कोर्टात तारीख होती.

तिचा नवरा ओकेमा दोन वर्षांपूर्वी तापानं गेला. मागे राहिली ती, तीन मुलं आणि तीस पावलं लांब, तीस पावलं रुंद असा छावणीत मिळालेला जमिनीचा तुकडा. तुकडा तिच्या नावावर होता आणि बाजाराच्या रस्त्याला लागून होता. हा दुसरा मुद्दा ओकेमाच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे ओलोयाच्या, फार लवकर ध्यानात आला. ओलोया तीन नंबर ब्लॉकमध्ये एका बायकोसह आणि पाच मुलांसह राहत होता. भाऊ गेला की त्याची बाई आणि मुलं घराण्यातल्या पुरुषानं आपल्या घरात घ्यायची, ही जुनी रीत. त्या रीतीत बाईला नको म्हणायचीही सोय होती, पण लढाईच्या धावपळीत लोक तेवढी सोय बरोबर घ्यायला विसरले होते. लामुनूनं कोर्टात अर्ज दिला होता की हा माणूस माझ्या दारात नको. हरली तर एक तर ओलोया नवरा म्हणून तिच्या घरात यायचा, नाहीतर तिन्ही मुलं त्याच्या घरात जायची. दोन्हीकडून जमीन त्याचीच.

रविवारी चर्चहून परतताना तो तिच्याकडे आला. अंगात पांढरा सदरा, छातीवर संरक्षण कक्षाचा गोल जांभळा शिक्का आणि खाली ठळक अक्षरं: 'बायांचं रक्षण, माझी जबाबदारी'. दोन दिवसांचं प्रशिक्षण आणि दोन वेळचं जेवण घेतल्यावर हा सदरा मिळत असे. ओलोया तीन नंबरच्या महिला संरक्षण समितीचा सदस्य होता.

लामुनू अंगणात दगडावर तीळ आणि शेंगदाणे वाटत बसली होती. हे वाटण ती बाजारात चमच्याच्या मापानं विकायची. ओलोया रस्त्याच्या कडेपासून लांब ढांगा टाकत आत आला.

"वहिनी, बऱ्या आहात ना? मला तुमची फार काळजी वाटते."

"दिसतंय की. काळजी किती पावलं भरली, भाओजी?"

ओलोया थांबला. त्याचे ओठ हलत होते ते बंद झाले.

"थट्टा करा. पण एकट्या बाईला घर झेपत नाही, हे मी कोर्टालाही लिहून दिलंय. आमच्या घराण्यानं तुमच्यासाठी अकरा गाई आणि एक सायकल दिली होती, विसरू नका."

"गाई लढाईत गेल्या. सायकल तुम्ही विकून खाल्ली. राहता राहिले मी."

"तेच म्हणतोय ना. राहिलेलं तरी घराण्यात राहू दे."

"तुमच्या बायकोला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? ती बाई आहे." त्यानं सदरा नीट ओढून घेतला. "शुक्रवारी भेटू. तुमची ती वकीलबाई येणार आहे म्हणे."

"येणार आहे."

"येऊ दे," ओलोया म्हणाला आणि जाताना दुसरी बाजू मोजून गेला.

सोमवारी संध्याकाळी अचिरो आजी गाठोडं घेऊन आली. आजीचं वय कुणालाच माहीत नव्हतं, कार्डावर अठ्ठावन्न होतं, पण कार्ड करणाऱ्या पोरानं ते तिच्याकडे न बघताच टाकलं होतं. आल्याबरोबर तिनं घराची झडती घेतली. लामुनूच्या दोन शेळ्या पंधरा नंबरमध्ये मावसबहिणीकडे रवाना झाल्या. कोंबड्या टोपलीखाली, टोपली शेजारणीकडे. रेडिओ चुलीतल्या राखेत गेला. प्लास्टिकच्या दोन खुर्च्या शाळेला तात्पुरत्या दान करण्यात आल्या.

"आता हात दाखव," आजी म्हणाली.

लामुनूनं हात पुढे केले.

"हे काय हात म्हणायचे? वाटून वाटून हमालासारखे दंड झालेत. लांब बाह्यांचं काहीतरी घाल. आणि बोलायचं कमी. प्रश्न झाला की आधी उसासा, मग उत्तर."

"प्रत्येक प्रश्नाला?"

"नावाला नको. नाव सांगताना उसासा टाकलास तर संशय येतो. पाच नंबरच्या लाबोलनं टाकला होता, तिचे गुण कापले."

मग आजीनं उजळणी घेतली. जेवण किती वेळा? एकदा. मटण कधी? ते काय असतं? झोपता कशावर? या घोंगडीवर, चौघं. संकट आलं तर कुणाकडे जाता? कुणाकडेच नाही. या शेवटच्या उत्तराला आठ गुण होते, म्हणून ते तिनं तीनदा म्हणवून घेतलं. लामुनूची थोरली लाकेर अकरा वर्षांची होती आणि शाळेत गणितात पहिली यायची. तिनं कोळशानं जमिनीवर बेरीज मांडली.

"चव्वेचाळीस, आई."

"बघ. चार वरकड," आजी समाधानानं म्हणाली. "मी शिकवलेली एकही बाई आजवर सक्षम झालेली नाही."

मंगळवारी पाहणीवाला आला. त्याचं नाव मुगेरे. दक्षिणेकडचा, नुकताच शिकून बाहेर पडलेला, नवे बूट, हातात टॅब. अचोलीत, म्हणजे इथल्या बायकांच्या भाषेत, मोडकंतोडकं बोलायचा, पण आदरानं बोलायचा आणि एकही प्रश्न गाळायचा नाही. असली प्रामाणिक माणसंच जास्त धोक्याची असतात, असं आजीचं मत होतं. तिनं शेजारीण म्हणून दारातच बैठक मारली.

मुगेरेनं छप्पर बघितलं, घोंगडी बघितली, भोकातून पलीकडे काय दिसतं तेही बघितलं. मग मडक्यापाशी उकिडवा बसला.

"हे मडकं ओळखीचं वाटतंय."

"मडकी सगळी सारखीच दिसतात, बाळा," आजी म्हणाली. "तुम्हा साहेब लोकांसारखी."

मुगेरे ओशाळून हसला आणि पुढे गेला. लामुनूनं योग्य त्या ठिकाणी उसासे टाकले. विसाव्या प्रश्नाला 'कुणाकडेच नाही' इतकं छान म्हणाली की आजीनं पदरानं डोळे पुसले. टॅबवरचा आकडा चव्वेचाळीसला जाऊन उभा राहिला.

"एकविसावा," मुगेरे म्हणाला. "गेल्या सहा महिन्यांत तुम्हाला काही कायदेशीर मदत मिळाली आहे का?"

आजीनं मान वर केली. हा प्रश्न उजळणीत नव्हता. नव्हता, कारण लामुनूच्या आधी चौदा नंबरमधल्या एकाही बाईला वकील मिळालाच नव्हता. एकतीस पाहण्यांमध्ये सगळ्यांनी 'नाही' म्हटलं होतं, अगदी खरं खरं, आणि पुढच्या प्रश्नावर गेल्या होत्या. त्यामुळे 'हो' म्हटल्यावर काय होतं, हे शास्त्र अजून कुणी तपासलेलं नव्हतं.

लामुनूला वाटलं, निदान इथे तरी खरं बोलता येईल. शिवाय ज्यानं पाणी पाजलं त्याचं नाव न घेणं तिच्या माणसांत फार वाईट. वाटसरूसुद्धा निघताना भोपळ्याची वाटी दोन्ही हातांनी परत देतो आणि घरधनिणीचं नाव घेतो. तिनं उसासा टाकला नाही.

"हो तर. तुमच्याच कक्षाच्या वकीलबाई नाम्पिज्जा. दोनदा घरी येऊन गेल्या. अर्ज त्यांनीच लिहिला. देव त्यांचं भलं करो."

मुगेरेनं बोट टेकवलं. चव्वेचाळीसचे छत्तीस झाले.

बाविसावा प्रश्न साबणाचा होता. त्याला गुण नव्हते.

"छत्तीस," मुगेरे हळूच म्हणाला. "अभिनंदन."

"चाळीसला चार कमी कसे?" लामुनूनं विचारलं.

"मदत मिळाली, म्हणजे तुम्ही मदतीपर्यंत पोचू शकता. जी बाई पोचू शकते ती अतिदुर्बल नसते."

"मग वकील कुणाला देता?"

"जी पोचू शकत नाही तिला."

"आणि ती पोचली की?"

मुगेरेनं थोडा विचार केला. "मग ती सक्षम झाली. योजनेचा उद्देशच तो आहे."

"बाळा," आजी म्हणाली, "ते बोट जरा मागे घेता येतं का?"

"एकदा दाबलं की मागे जाता येत नाही, आजी. सूत्र वरून आलंय." त्याला खरंच वाईट वाटलं असावं, कारण जाताना त्यानं मडकं स्वतःच्या हातानं सावलीत सरकवून ठेवलं.

गुरुवारी कक्षाचं पत्र आलं. छावणीत इतर कोणतीही गोष्ट दोन दिवसांत होत नसे. लामुनू ते घेऊन तडक संरक्षण कक्षात गेली. बाहेरच्या भिंतीवर एका हसऱ्या बाईचं चित्र होतं आणि चित्राखाली लांबलचक रांग होती. रांगेत कुणी हसत नव्हतं.

वकीलबाई नाम्पिज्जा तिला बघून खुर्चीतून उठली.

"मला सकाळीच कळलं, मेगो." इथल्या बायकांना 'आई' या अर्थी मेगो म्हणायला ती शिकली होती. "माझ्याकडची फाइल बंद झाली. उद्या मी येऊ शकत नाही."

"नुसत्या शेजारी उभ्या राहा. बोलू नका."

"यादीत नसलेल्या बाईसाठी उभी राहिले तर मलाच वकील लागेल. आणि मला तर छत्तीससुद्धा पडणार नाहीत." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "तुम्ही तीस दिवसांत हरकत घेऊ शकता."

"तारीख उद्या आहे, मॅडम."

"हो."

"हरकत कशी घ्यायची?"

"वकिलामार्फत."

मग नाम्पिज्जानं कपाट उघडलं आणि फाइलमधले सगळे कागद लामुनूच्या हवाली केले. तेवढं नियमात बसत होतं.

घरी येऊन लामुनूनं चूल पेटवली नाही. उजेड होता तोवर तिनं लाकेरला अंगणात बसवलं.

"सगळं वाच. सावकाश."

लाकेरनं आधी ओलोयाचं म्हणणं वाचलं. "माझी वहिनी लामुनू ही विधवा असून अबला आहे. पुरुषाच्या आधाराशिवाय ती घर, जमीन व मुले सांभाळू शकत नाही. सबब तिला व मुलांना माझ्या संरक्षणाची नितांत गरज आहे." मग कक्षाचं पत्र उघडलं. "श्रीमती लामुनू यांच्या घराची रीतसर पाहणी करण्यात आली. त्या कोणाच्याही आधाराशिवाय घर, जमीन व मुले सांभाळण्यास पूर्णपणे सक्षम आहेत. त्यांना संरक्षणाची गरज नाही. अभिनंदन."

लामुनू पायानं माती उकरत होती. पाय थांबला.

"पुन्हा वाच."

"कुठलं?"

"दोन्ही. एकाखाली एक."

लाकेरनं वाचलं. संपल्यावर लामुनूनं पत्र हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"हा शिक्का कुणाचा?"

"कक्षाचा. सही मोठ्या साहेबांची आहे."

"बरं," लामुनू म्हणाली. "पंधरा नंबरला पळ आणि शेळ्या घेऊन ये. येताना रेडिओ पूस."

फिरतं कोर्ट महिन्यातून एकदा छावणीच्या शाळेत भरायचं. सातवीच्या वर्गात न्यायाधीश साहेब बसायचे, फळ्यावर भागाकार तसाच असायचा. शुक्रवारी ओलोया घराण्यातली चार वडीलधारी माणसं घेऊन पहिल्या बाकावर बसला होता. अंगात तोच सदरा, धुऊन इस्त्री केलेला. लामुनूनं आखूड बाह्यांचं झंपर घातलं होतं. तिच्या मागे अचिरो आजी होती.

साहेबांनी चष्मा पुसला. "अर्जदार बाईंचे वकील?"

"काढून घेतले, साहेब."

"का?"

"मी फार बळकट निघाले."

दुभाष्यानं हे सांगितल्यावर मागच्या बाकांवर खसखस पिकली. साहेबांनी आधी ओलोयाला बोलायला सांगितलं. ओलोया छान बोलला. थोरल्या भावाची आठवण काढली, अकरा गाई मोजून दाखवल्या, सायकलचा उल्लेख टाळला. छातीवरची अक्षरं साहेबांना दिसतील असा वळून म्हणाला, "हे माझं कर्तव्य आहे, साहेब. मला प्रशिक्षण मिळालंय. एकटी बाई कशी जगेल? तिला कुणी विचारणारं आहे का?"

"तुमचं काय म्हणणं आहे?" साहेबांनी लामुनूला विचारलं.

"माझं काही नाही. मी काय सांगणार, मी अबला." तिनं पत्र पुढे केलं. "कक्षाचं म्हणणं आहे."

साहेबांनी पत्र वाचलं. मग उजेडाकडे धरलं. शिक्का बघितला, सही बघितली, तारीख बघितली, आणि शेवटी मोठ्यानं वाचून दुभाष्याला प्रत्येक वाक्य अचोलीत सांगायला लावलं. 'अभिनंदन' या शब्दाला दुभाषी अडला. मग त्यानं लग्नात म्हणतात तसं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

"हे खोटं आहे," ओलोया म्हणाला.

"काय खोटं आहे? पाहणी, की सही?"

"साहेब, ही पाहणी… पाहणी तशीच असते. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे कक्षाचा शिक्का खोटा म्हणता?"

ओलोयानं खाली बघितलं. शिक्का त्याच्या छातीवर होता, तस्साच गोल, तस्साच जांभळा. त्याचं स्वतःचं धान्यही त्याच शिक्क्यावर मिळत होतं. त्याच्या घराण्यातल्या एका म्हाताऱ्यानं त्याची बाही ओढून त्याला खाली बसवलं.

"सरळ आहे," साहेब लिहिता लिहिता म्हणाले. "बाई दुर्बल असत्या तर कक्षानं त्यांना वकील दिला असता. ज्या अर्थी वकील दिलेला नाही, त्या अर्थी त्या दुर्बल नाहीत. दुर्बल नाहीत, तर तुमच्या संरक्षणाची गरज उरत नाही. जमीन त्यांच्या नावावर आहे ती राहील, मुलं त्यांच्याजवळ राहतील. तुम्ही त्यांच्या परवानगीशिवाय त्यांच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही."

"हद्द तीस पावलं आहे, साहेब," लामुनू म्हणाली. "भाओजींना ठाऊक आहे. दोनदा मोजलीय."

त्याच महिन्यापासून तिचं जादा तेल बंद झालं आणि साबणही. ती रात्री तिळाचं वाटण दोन घाणे जास्त काढू लागली. महिन्याभरात कक्षातून एक बाई कॅमेरा घेऊन आली आणि लामुनूला भिंतीवरच्या चित्रासारखं हसायला सांगून गेली. वार्षिक अहवालात फोटो छापला गेला. खाली लिहिलं होतं की कक्षाच्या कायदेशीर मदतीमुळे या महिलेला न्याय मिळाला. वकीलबाई नाम्पिज्जानं तो अहवाल तिला स्वतः आणून दिला आणि चहा न घेता गेली.

मग एके दुपारी नऊ नंबरची एक विधवा आली. तरुण होती, पाठीला तान्हं मूल होतं. दारात घुटमळली.

"तुम्हीच का त्या सक्षमवाल्या?"

"बस. कोण आहे? दीर की सासरा?"

"दीर. दोघं."

"तारीख?"

"पुढच्या शुक्रवारी. पाहणी सोमवारी आहे. माझी अडचण वेगळी आहे हो," ती म्हणाली आणि रडकुंडीला आली. "मला बेचाळीस पडतात. काही केलं तरी खाली येत नाहीत. माझ्याकडे खरंच काही नाही."

अचिरो आजी खाटेवर पडून ऐकत होती. ती उठून बसली. तिनं बाईला आपादमस्तक बघितलं, मूल बघितलं, हात हातात घेऊन दाबून बघितले. आयुष्यभर एका बाजूनं चालवलेलं शास्त्र आता उलट्या बाजूनं चालवायचं होतं, आणि म्हातारीच्या तोंडावर तरतरी आली.

"उसासा अजिबात टाकायचा नाही," ती म्हणाली. "संकट आलं तर कुणाकडे जाता, तर सगळ्यांकडे. मटण रोज. लामुनू, हिला रेडिओ दे. दोन्ही खुर्च्या दे."

लामुनू परसात गेली आणि दोन्ही शेळ्यांची दावी सोडून बाईच्या हातात दिली.

"एकीमागे तीन कमी होतात. दोन शेळ्यांत छत्तीसवर येशील," ती म्हणाली. "पाहणी झाली की लगेच परत आण. मंगळवारी सात नंबरला जायच्यात."